संवाद : सुरांचा आणि अक्षरांचा

कीर्तनाच्या आधी विणेकरी वीणा कानाशी धरून खुंट्या पिळीत बसतो, तेव्हा मंडळींची चुळबुळ सुरू होते. "किती वेळ हे सूर लावणं!" असे कोणी हळूच म्हणतोही. पण तो काय शोधीत असतो ते एकदा नीट समजून घेऊ, म्हणजे अभंगातील यमकाचेही मर्म आपोआप हाती येईल.

दोन तारा एकाच षड्जात लावायच्या आहेत असे समजा. एक सेकंदाला २४० वेळा कापते आणि दुसरी २४३ वेळा. मग दर सेकंदाला तीन हेलकावे ऐकू येतात, आवाज लहान-मोठा होतो. खुंटी फिरवता फिरवता हे हेलकावे लांबत जातात आणि शेवटी विरतात. झाल्या तारा एक! पण याला शास्त्रात संवाद म्हणत नाहीत बरं का. ही नुसती एकता झाली. संवादाला दोघे वेगळे लागतात. षड्ज २४० असेल तर पंचम ३६०. म्हणजे षड्जाची दोन कंपने होतात तेवढ्यात पंचमाची तीन, आणि तिथे दोघे पुन्हा भेटतात. मध्यम ३२०, तिथे तिनाला चार. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हेच श्रुतींच्या भाषेत सांगितले आहे. ज्या दोन स्वरांत नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर, ते एकमेकांचे संवादी. षड्जापासून मध्यम नऊ श्रुतींवर, पंचम तेरा श्रुतींवर. पंचम षड्ज होत नाही, होऊ पाहतही नाही. पण दोघे बरोबर वाजले की कान निवतो.

आता अक्षरांकडे या. 'पाणी'ला 'वाणी' हे यमक गोड लागते. 'पाणी'ला पुन्हा 'पाणी'च ठेवले तर? चूक नाही, पण कानाला काही मिळत नाही. ती एका सुरात लावलेली दुसरी तार झाली. यमकात शेवट जुळावा आणि आधीचे अक्षर निराळे असावे, अर्थही निराळा असावा. सारखेपणा आणि वेगळेपणा दोन्ही एकदम ऐकू येणे, हाच तो संवाद.

आपल्या ओवीची घडणही यावरच झाली. बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ग्रंथात महाराष्ट्रातील बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. पुढे देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त ओवीचे लक्षण दिले: देशभाषेत गायची, तीन खंडांना प्रास असलेली. शके १२१२ ची ज्ञानेश्वरी त्याच शतकातली. तिच्या ओवीतही पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा. मला नेहमी वाटते, तो चौथा चरण मोकळा आहे म्हणूनच हजारो ओव्या वाचूनही कान शिणत नाही. चारही चरणांना यमक असते तर टाळांचा नुसता खणखणाट झाला असता.

मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी. लहान अभंगात साधारण आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, त्यांचे शेवट जुळतात. इथेच गाणाऱ्याची जबाबदारी येते. तरुणपणी मला आलापीचा भारी हव्यास. एकदा भजनात दुसऱ्या चरणावर मी अशी लांबच लांब तान घेतली की टाळकरी नुसते बघत राहिले. भजन उठल्यावर एक म्हातारे विणेकरी जवळ येऊन म्हणाले, "अरे बाळा, दुसरा चरण दारात उभा राहून तिसऱ्याची वाट बघत होता, आणि तू गेलास गाव फिरायला!" मी ओशाळलो. यमकाचे दुसरे अक्षर पहिले कानात घुमत आहे तोवरच यायला हवे. नंतर आले तर ते नुसते अक्षर.

यात आणखी एक गोष्ट आहे. अभंग कितीतरी काळ तोंडातोंडीच चालत आले. शब्द विसरला तर यमक त्याला परत ओढून आणते. म्हणून पाठ म्हणताना एखाद्या ठिकाणी यमक लंगडले, तर आधी आपल्या पाठावर संशय घ्यावा आणि पोथी उघडावी. संतांचे यमक कित्येकदा एकाच अक्षराचे असते, ते सैल आहे म्हणून 'सुधारू' मात्र नये. गाण्यात तेवढे पुरते.

गीतेच्या प्रत्येक अध्यायाच्या शेवटी तिला कृष्ण आणि अर्जुन यांचा संवाद म्हटले आहे. तिथेही दोघे आहेत. अर्जुनाने शंका घेतलीच नसती तर बोलणे पुढे सरकले असते का?

आता करून पाहा. वीणा मांडीवर घ्या, पंचमाची तार मुद्दाम किंचित उतरवा आणि पाठ असलेला एक अभंग म्हणा. मग पंचम जागेवर आणून तोच अभंग पुन्हा म्हणा, तान न घेता, यमकाच्या अक्षरावर थोडे थांबून. पखवाजवाल्यालाही शेजारी बसवा, आणि कणीक वाळली असेल तर ती आधी ओली करायला सांगा.