भिंतीवरचे नाव

किल्ल्याच्या तटावर कोळशाने किंवा खिळ्याने लिहिलेली नावे तुम्ही पाहिली असतील. दिल्लीच्या लोधी कॉलनीत मात्र सरकारी घरांच्या भिंतींवर २०१५ पासून चित्रकारांनी परवानगीने मोठमोठी चित्रे काढली आहेत. लोक ती मुद्दाम पाहायला जातात. दोन्ही कामे भिंतीवरचीच. मग एक कला आणि दुसरे विद्रूपीकरण का?

परवानगी हा एक फरक झाला. दुसरा फरक पदार्थविज्ञानाच्या भाषेत सांगता येतो: ती भिंत पुन्हा पूर्ववत करता येईल का?

एक सोपा प्रयोग करा. शाईचा एक थेंब काचेवर व एक फुटक्या कौलाच्या तुकड्यावर टाका. पाच मिनिटांनी दोन्ही ओल्या फडक्याने पुसा. काच स्वच्छ होईल, कौलावर डाग राहील. कौलातील बारीक छिद्रांनी शाई आत ओढून घेतली. हेच केशाकर्षण. नळी जितकी अरुंद, तितका द्रव अधिक चढतो. १ मिलिमीटर त्रिज्येच्या काचनळीत पाणी सुमारे दीड सेंटिमीटर चढते, ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत १५ सेंटिमीटर!

फवारणीच्या डब्यातला रंग सच्छिद्र दगडात असाच शिरतो. द्रावक उडून जातो. रंगकण आणि त्यांना चिकटवणारी राळ आत राहतात. वरून नुसता द्रावक ओतला, तर विरघळलेला रंग आणखी खोल जाण्याची भीती. म्हणून जाणकार द्रावकात भिजवलेल्या मातीचा लेप लावतात. लेप वाळताना द्रव बाहेर ओढला जातो व त्याबरोबर रंगही येतो. डाग आत नेणारे केशाकर्षणच त्याला बाहेर काढते! तरीही सगळा डाग निघतोच असे नाही.

खिळ्याच्या ओरखड्यावर मात्र लेपही चालत नाही. अजिंठ्याला खडकावर मातीचा गिलावा आहे. त्यात भाताचे तूस आणि वनस्पतींचे धागे मिसळलेले आहेत. त्यावर चुन्याचा पातळ थर व त्यावर रंग. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी १० क्रमांकाच्या लेण्यात शिरला आणि बोधिसत्त्वाच्या चित्रावर त्याने आपले नाव व तारीख कोरली. तेव्हा जमिनीवर दगडमातीचा ढीग होता. म्हणून ते नाव आज आपल्या डोक्याच्याही वर दिसते.

तुम्ही म्हणाल, त्या नावालाही आता इतिहासात जागा मिळाली आहे. खरे आहे. पण ती तारीख कागदावरही लिहिता आली असती. खरवडलेला रंग कशानेही परत येत नाही. संरक्षित स्मारकाची अशी हानी करणाऱ्यास १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

शाळेची भिंत रंगवायची असेल, तर जरूर रंगवा. फक्त आधी दोन प्रश्न विचारा: भिंत कोणाची आहे? आणि चित्र नको झाले, तर चुन्याचा एक हात देऊन ती पुन्हा कोरी करता येईल का?