माश्यांचे फोटो काढणाऱ्या भाचीस

बाय गं, पावसाळ्यात सगळं जग धबधब्यांपुढे उभं राहून फोटो काढतं आणि तू शेणाच्या पोवर बसलेल्या माशीपुढे उकिडवी बसतेस. बस, माझी ना नाही. फक्त एवढं ध्यानात ठेव, म्हणजे घरी गेल्यावर कपाळाला हात लावायची पाळी येणार नाही.

१. आधी पंख मोज — माशीला दोनच असतात, मधमाशीला आणि गांधीलमाशीला चार. मागच्या जोडीच्या जागी माशीला टोकाला गाठ असलेल्या दोन बारीक दांड्या असतात. त्या फोटोत आल्या की वाद मिटला.

२. काळ्यापिवळ्या पट्ट्यांना भुलू नकोस — फुलापुढे हवेत एका जागी थांबणारी होव्हरफ्लाय गांधीलमाशीचं सोंग घेते, पण तिला नांगी नसते.

३. पहिला फोटो लांबूनच काढ, मग एकेक पाऊल पुढे सरक — उडालीच तर पदरी काहीतरी राहतं. आणि तुझी सावली तिच्यावर पडू देऊ नकोस.

४. वरून, बाजूनं आणि समोरून असे तीन फोटो हवेतच — पाठ सांगते घर, तोंड सांगतं धंदा. शिकारी रॉबर फ्लाय तिच्या तोंडावरच्या झुपकेदार दाढीवरून कळते, आणि ती दाढी पाठीमागून कशी दिसणार?

५. पंखांवरच्या शिरा स्पष्ट येऊ देत — जाणकार आधी तेच बघतात. बहुतेक होव्हरफ्लायच्या पंखात मधोमध एक शीर अशी असते, की तिची टोकं कशालाच जुळत नाहीत. ती दिसली की कुळाचा दाखला हातात आला.

६. पाठीवरच्या काळ्या रेघा मोज — घरमाशीला चार, मांसावर येणाऱ्या मोठ्या करड्या माशीला तीन. पण तीन रेघावालीची नेमकी प्रजाती बहुधा नराचे जननअवयव सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच ठरते, तेव्हा फोटोपाशी तो हट्ट धरू नकोस.

७. नर की मादी ते डोळ्यांवरून बघ — गोमाशीच्या नराचे डोळे सहसा डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात, मादीच्या डोळ्यांत फट असते. तुला चावली ती फटवालीच. रक्त मादीच पिते.

८. गोमाशीच्या डोळ्यांवरचे रंगीत पट्टे ती जिवंत असतानाच टिप — मेल्यावर ते उतरतात, डबीत साठवून उपयोग नाही.

९. आंब्याच्या बागेतल्या सापळ्यावरून बागेतल्या सगळ्या माश्यांचा हिशोब मांडू नकोस — मिथाइल युजेनॉलच्या वासाला ठरावीक जातींच्या फळमाश्या येतात, त्याही नरच. काकडी-कारल्यावरची फळमाशी वेगळी, तिच्या नराचं आमिषही वेगळं.

१०. माशी कशावर बसली होती तेही टिप, शेण, फूल, सडका फणस, काय असेल ते — माशीचं नाव तिच्या ताटावरूनही लागतं.

११. माशी उडाली की त्याच पानावर पट्टी ठेवून आणखी एक फोटो काढ — स्क्रीनवर चिलटही गोमाशीएवढं दिसतं.

१२. ठिकाण म्हणून नुसतं ‘महाड’ लिहू नकोस, गाव, उंची आणि तारीख टाक — सावित्रीकाठचं महाड समुद्रसपाटीपासून जेमतेम वर, आणि पोलादपूरहून आंबेनळी घाट चढलीस की महाबळेश्वर १३०० मीटरच्या वर. एवढ्या चढात झाडं बदलतात, मग माश्या का नाही बदलणार?

१३. गवतात कोपर टेकण्याआधी काठीनं चाळव — फुरसं माशीपेक्षा निवांत बसतं. आणि घाटातल्या वळणावर गाडी थांबवू नकोस. माशी पुढच्या टपरीवरही भेटेल, भजीसुद्धा.

१४. आयनॅचरलिस्ट ॲपनं सुचवलेलं नाव डोळे झाकून घेऊ नकोस — ज्या जातींचे पुरेसे फोटो त्याला दाखवलेत, तेवढ्याच त्याला ठाऊक. आपल्या डोंगरातली अनोळखी माशी दिसली की ते ओळखीतलंच एखादं नाव पुढे करतं.

१५. कुळापाशी थांबलीस तर त्यात कमीपणा नाही — ब्रुनेटीसाहेबांनी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’त १९१२ पासून माश्यांवर तीन खंड लिहिले, तेही टाचणीला लावलेल्या माश्या समोर ठेवून, आणि तरी त्यातली कित्येक नावं पुढे बदलली. घाईनं दिलं नाव, खोडायला लागतो गाव.

१६. अंधुक म्हणून फोटो लगेच पुसू नकोस, आणि कापाकापी करायची तर मूळ फोटो बाजूला ठेवून कर — तुला नको असलेल्या कोपऱ्यातली पायाची एक नळी एखाद्या जाणकाराला पुरते. नाव चार वर्षांनी मिळालं तरी चालतं, पण उडालेली माशी परत पोज द्यायला येत नाही.