वऱ्हाडचा उन्हाळा आणि रेडिओची चाळणी

अकोला व अमरावती ही शहरे मुंबई आणि नागपूर यांच्या दरम्यान वसलेली आहेत. ही साधी भौगोलिक गोष्ट रेडिओच्या अभ्यासकास मात्र फार महत्त्वाची आहे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. नोव्हेंबर १९७८ मध्ये जिनीव्हा योजना अमलात आल्यावर मध्यम लहरींवर शेजारच्या दोन जागांत ९ किलोहर्ट्झचे अंतर ठेवण्यात आले. त्या व्यवस्थेत नागपूरला ५८५ आणि मुंबईच्या एका केंद्रास ५५८ किलोहर्ट्झ ही जागा होती, म्हणजे दोहोंत अवघ्या तीन पायऱ्यांचे अंतर. रात्री आयनांबरावरून परावर्तित होऊन दूरच्या केंद्राच्या लहरीही वऱ्हाडात उतरतात. हवामानाचा अंदाज किंवा कापसाचे भाव ऐकू पाहणाऱ्या शेतकऱ्यास त्यांतून नेमके नागपूरच वेगळे काढावे लागे.

नको असलेले केंद्र दबावे म्हणून ट्रान्झिस्टर फिरवून ठेवण्याची युक्ती सर्वपरिचित आहे. परंतु येथे तिचा फारसा उपयोग नव्हता. अकोल्याहून मुंबई व नागपूर जवळजवळ एकाच रेषेत, विरुद्ध दिशांस येतात. त्यामुळे एक दाबले की दुसरेही दबते. सर्व भिस्त उरते ती रेडिओतील चाळणीवर, म्हणजेच फिल्टरवर.

कॉइल आणि कंडेन्सर यांची जोडी ही सर्वांत जुनी चाळणी होय. ५८५ किलोहर्ट्झवर ९ किलोहर्ट्झ रुंदीचाच पट्टा आत घ्यावयाचा, तर चाळणीची तीक्ष्णता, ज्यास अभियंते ‘क्यू’ म्हणतात, ५८५ भागिले ९ म्हणजे ६५ असावी लागते. अशी एक जोडी ५५८ वरील विद्युत्‌दाब सुमारे सहाव्या हिश्शावर आणते. शेजारचे केंद्र बलवान असेल तर तेवढ्याने भागत नाही आणि चाळण्या एकामागोमाग लावाव्या लागतात.

आता प्रश्न जुळवणीचा. ५३१ पासून १६०२ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा सुमारे तिपटीचा आहे. कॉइल तीच ठेवल्यास कंडेन्सरची धारकता मात्र नऊपट बदलावी लागते, कारण वारंवारता धारकतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. शिवाय चिमुकल्या सिलिकॉनच्या तुकड्यावर मध्यम लहरींस पुरेल अशी कॉइल मावत नाही. यास्तव कॉइलचे काम वर्धकाकडून करवून घेण्याची, म्हणजे सक्रिय फिल्टरची कल्पना पुढे आली. त्यात वर्धकाची वाहकता आणि धारकता यांच्या गुणोत्तरावर वारंवारता ठरते. वाहकता ट्रान्झिस्टरला पुरविलेल्या प्रवाहाने बदलते. प्रवाह तिप्पट केला की वारंवारता तिप्पट होते आणि गोल फिरणारा कंडेन्सर लागतच नाही.

एवढ्यावर समाधान मानणारा आराखडा वऱ्हाडात टिकणार नाही. साध्या ट्रान्झिस्टर जोडीची वाहकता प्रवाह स्थिर असता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. सकाळी २० अंश सेल्सिअसला, म्हणजे २९३ केल्विनला, ५८५ वर जुळवलेली चाळणी मे महिन्यातील दुपारी ४५ अंशांस, म्हणजे ३१८ केल्विनला, सुमारे ५३९ वर घसरेल. वाटेत ती ५५८ देखील ओलांडून जाईल! श्रोत्याने बटणास हातही न लावता नागपूर जाऊन मुंबई येईल आणि मग तीही जाईल.

यावर दोन उपाय आहेत. एक, प्रवाहच निरपेक्ष तापमानाच्या सम प्रमाणात वाढेल असे मंडल योजणे. त्याने घसरण बरीच भरून निघते. दुसरा अधिक खात्रीचा: त्याच तुकड्यावर तशीच दुसरी चाळणी बसवून ती सतत स्फटिकाच्या स्थिर वारंवारतेशी ताडून पाहावयाची आणि जो फरक आढळेल तेवढा प्रवाह दोन्हींस सुधारून द्यावयाचा.

तीक्ष्णतेबाबतही अतिरेक नडतो. वर्धकातील प्रतिपोषण वाढवून ‘क्यू’ हवा तितका चढविता येतो खरा. परंतु मर्यादा ओलांडताच चाळणी स्वतःच आंदोलन निर्माण करू लागते आणि रेडिओ शिट्टी घालतो. शिवाय वर्धकाची स्वतःची खरखर क्षीण केंद्राच्या आवाजात मिसळते, तर बलवान केंद्रापुढे तोच वर्धक विकृती निर्माण करतो. म्हणूनच ॲंटेनालगत फेराइट कांडीवरील साधी कॉइल ठेवणे आणि सक्रिय चाळणी त्यानंतरच्या टप्प्यात योजणे शहाणपणाचे ठरते. तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्यांनी असे मंडल तयार केल्यास त्याची चाचणी डिसेंबरच्या पहाटे आणि मेच्या दुपारी, अशी दोनदा घ्यावी.