टेबल टेनिसमध्ये ‘प्रोफेशनल’ कोणाला म्हणायचे?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. नागपूर जिल्ह्याकडून राज्य स्पर्धेत खेळते, रोज संध्याकाळी सराव असतो. तिला ‘प्रोफेशनल’ म्हणता येईल का? त्यासाठी काही परवाना किंवा परीक्षा असते का?
– एक पालक, धरमपेठ

उत्तर : परवाना नाही आणि परीक्षाही नाही. आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाने हौशी आणि व्यावसायिक हा भेद १९३५ मध्येच काढून टाकला. नियमांच्या लेखी तुमची मुलगी आणि ऑलिंपिक विजेती, दोघीही ‘खेळाडू’च. फरक उरतो तो पोटापाण्याचा. रबर, प्रवास आणि प्रशिक्षकाचे पैसे तुम्ही भरता तोवर ती होतकरू खेळाडू. हा खर्च आणि वर घरखर्चही तिच्या खेळातून निघू लागला की व्यावसायिक.

आपल्याकडे हा खर्च बक्षिसांतून क्वचितच निघतो, निघतो नोकरीतून. रेल्वे, रिझर्व्ह बँक, तेल कंपन्या चांगल्या खेळाडूंना नोकरी देतात आणि त्यांचे स्वतःचे संघ असतात. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत महिलांचे सांघिक सुवर्ण आले. त्या संघातल्या ठाण्याच्या मधुरिका पाटकर आणि पुण्याच्या पूजा सहस्रबुद्धे देशातल्या स्पर्धांत तेल कंपन्यांच्या पेट्रोलियम क्रीडा मंडळाकडून खेळत. दहा वेळचा राष्ट्रीय विजेता शरत कमल जर्मनीत बोरुसिया ड्युसेलडॉर्फकडून खेळला, पण इंडियन ऑइलची नोकरी त्याच्या पाठीशी होती. २०१७ पासून अल्टिमेट टेबल टेनिस लीग आहे. ती वर्षातले काही आठवडेच चालते. म्हणून मला हे नोकरीचे छत्र फार मोलाचे वाटते. वर्षभर सराव करायची मुभा त्यानेच मिळते.

तिथवर नागपुरातून जाता येते का? इथल्या जेनिफर वर्गीसने वयोगटांच्या स्पर्धांत भारताचे प्रतिनिधित्व केले आहे, तेव्हा रस्ता बंद नाही. पण तो जिल्हा, राज्य, राष्ट्रीय मानांकन असा टप्प्याटप्प्याने जातो, आणि आठवीतल्या मुलीवर कमाईचे ओझे आताच टाकू नये. तिचा अभ्यासही चालू राहू द्या, नोकरीत वरच्या पदासाठी पदवी लागते.

एक काम मात्र आजच करा. तिची सगळी क्रीडा प्रमाणपत्रे नीट जपून ठेवा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी क्रीडा खात्याकडून या प्रमाणपत्रांची पडताळणी करून घ्यावी लागते.