छत येतं, पण खटका बसत नाही

प्रश्न : माझ्याकडे बटणावर उघडझाप होणाऱ्या कापडी छताची जुनी गाडी आहे. पावसाळाभर छत उघडं ठेवून ती पडवीत उभी होती. आता छत पुढच्या काचेपर्यंत येतं, पण खटका बसत नाही. बोटभर फट राहते. काय करावं?
– एक वाचक, कासू (ता. पेण)

उत्तर : आधी बॅटरी पाहा. इंजिन बंद असताना १२.४ व्होल्टपेक्षा कमी दाखवत असेल तर चार्ज करा आणि इंजिन चालू ठेवूनच छत हलवा.

चार महिने घडी पडलेलं कापड आखडतं. छत येईल तिथवर ओढून गाडी दोन तास उन्हात ठेवा. मग एकाने आत बटण दाबावं, दुसऱ्याने बाहेरून छताची पुढची कड तळहातांनी हलकेच खाली दाबावी. बोटं फटीत नकोत! खटका बसला, तर दोष आखडलेल्या कापडाचा किंवा कमी झालेल्या हायड्रॉलिक तेलाचा. तेल उतरलं असेल तर गळती शोधा.

नाहीच बसला, तर कान द्या. मोटर घुंऽ करते पण हूक हलत नाही? गंज साफ करून ग्रीसचं बोट फिरवा. आवाजच नाही? फ्यूज किंवा ‘छत जागेवर आलं’ हे कळवणारा मायक्रोस्विच तपासून घ्या.

बटण सारखं दाबू नका, पंप तापतो. खटका न बसलेली गाडी महामार्गावर मुळीच काढू नका. वारा छत उचलेल. माहितीपुस्तिकेत छत हाताने बंद करायची रीत दिलेली असते, ती वापरून गॅरेज गाठा.