'थर्म' आणि 'घर्म' : एका ग्रीक शब्दमूलाचा परिचय

मोठ्या रुग्णालयातून घरी परतलेला रुग्ण आपल्याकडे येतो, तेव्हा त्याच्या हाती इंग्रजी कागदांची चळत असते. औषधविक्रेत्या बंधूंच्या दुकानात येणाऱ्या खोक्यांवरील सूचनाही बहुधा त्याच भाषेत असतात. हे शब्द कोशातून एकेक करून पाठ करण्याचा खटाटोप आम्हांस फारसा फलदायी वाटत नाही. ज्याने संस्कृत धातूंवरून शब्द सोडवण्याचा अभ्यास केला आहे, त्याने इंग्रजी वैद्यकीय शब्दही त्याच रीतीने सोडवावेत. त्याकरिता या लेखात 'थर्म' हे एकच मूळ घेतले आहे.

ग्रीक भाषेत 'थेर्मॉस' म्हणजे उष्ण आणि 'थेर्मे' म्हणजे उष्णता. आपल्या 'घर्म' शब्दाशी याचे सख्खे नाते आहे. एका आदिम ध्वनीचा काही स्थानी संस्कृतात 'घ' झाला, ग्रीकमध्ये 'थ' झाला आणि फारसीत 'ग' झाला. 'ज्वरघ्न', 'कृमिघ्न' यांतील मारणे या अर्थाचा 'घ्न' आणि प्रहार करणे या अर्थाचे ग्रीक 'थेइनो' हे क्रियापद यांचेही नाते असेच आहे. 'घर्म'पासून मराठीत 'घाम' आला. हिंदीत मात्र त्याच 'घाम'चा अर्थ ऊन असा टिकून राहिला. 'गरम' हा शब्द फारसीतून आला, म्हणजे एकाच कुळातील दोन शब्द दोन वाटांनी आपल्या घरी पोहोचले. (जुने वैद्य 'गरमी' म्हणत तो रोग निराळा, हे वाचक जाणतातच.) ग्रीकांनी हा शब्द आपल्याकडून नेला, असे काही उत्साही मंडळी सांगतात, त्यास आधार नाही. या भाषा एकमेकींच्या भगिनी आहेत, माता-कन्या नव्हेत.

आता 'थर्मॉमीटर' पाहू. यातील 'मेट्रॉन' म्हणजे मोजमाप. तो आपल्या 'मात्रा' शब्दाचा आप्त. थर्मॉमीटर म्हणजे जणू 'घर्ममात्रा' सांगणारे साधन. खिशात मावेल असा आखूड तापमापक इंग्लंडचे डॉक्टर थॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी 1860 च्या दशकात प्रचारात आणला. त्यापूर्वीची साधने लांबलचक असत आणि नोंद होण्यास बराच वेळ लागे.

खरी दक्षता हवी ती 'हायपरथर्मिया' आणि 'हायपोथर्मिया' या जोडीत. कानाला दोन्ही शब्द जवळजवळ सारखे, अर्थ मात्र परस्परविरुद्ध. घाईत लिहिलेल्या पत्रात एका अक्षराने शरीर तापलेला रुग्ण गारठलेला ठरू शकतो. येथे पुन्हा संस्कृत साहाय्यास येते. ग्रीक 'हायपर' हा आपल्या 'उपरि'चा बंधू, आणि 'हायपो' हा 'उप'चा. 'उपरि' म्हणजे वर, म्हणून उष्णता मर्यादेच्या वर. 'उप'ला ग्रीकमध्ये 'खाली' असा अर्थ आला, म्हणून उष्णता खाली. शरीराच्या अंतर्भागाचे तापमान 35 अंश सेल्सिअस, म्हणजे 95 अंश फॅरनहाइटच्या खाली गेले की प्रौढात हायपोथर्मिया म्हणतात. पाऱ्याच्या नेहमीच्या तापमापकाची मोजपट्टी साधारण तेथूनच सुरू होते, म्हणून गारठलेल्या वृद्धाची नोंद त्यावर फसवी ठरते.

हायपरथर्मिया म्हणजे ज्वर नव्हे, हे तर अधिकच महत्त्वाचे. ज्वरवाचक शब्द 'प्यूर', म्हणजे अग्नी, या दुसऱ्या ग्रीक मुळापासून आले आहेत : 'पायरेक्सिया' म्हणजे ज्वर, 'अँटिपायरेटिक' म्हणजे ज्वरघ्न. ज्वरात मेंदूतील तापनियामक केंद्र स्वतःच तापमानाची पातळी वर नेते. पॅरासिटामॉल ती पातळी खाली आणते. उष्माघातात ती पातळी वाढलेलीच नसते. बाहेरची वा श्रमाची उष्णता शरीराच्या निःसारणशक्तीपेक्षा अधिक झालेली असते, त्यामुळे तेथे पॅरासिटामॉल काम करीत नाही. वैशाखात विदर्भात शेतातून आणलेला, अंग भाजणारा आणि बरळणारा मनुष्य समोर असता 'ताप आहे' म्हणून गोळी देण्यात मोलाची मिनिटे जातात. सावली, अंगावर पाणी, वारा, आणि तत्काळ रुग्णालय हाच मार्ग. शुद्ध हरपत असल्यास तोंडाने काहीही पाजू नये. 'थर्म' आणि 'पायर' यांतील भेद केवळ शब्दांचा नाही तो असा.

औषधविक्रेत्यांच्या कामाचे शब्द 'थर्मोलेबाइल' आणि 'थर्मोस्टेबल'. पहिल्याचा अर्थ उष्णतेने बिघडणारे, दुसऱ्याचा उष्णतेतही टिकणारे. इन्सुलिन पहिल्या वर्गातले; न उघडलेली कुपी 2 ते 8 अंशांत ठेवावयाची, गोठवावयाची नाही. च्यवनप्राशात मध पाक थंड झाल्यावर घालण्याचा आपला नियम ज्यांच्या अंगवळणी पडला आहे, त्यांना या शब्दाचे मर्म सांगावयास नको. दुसरा शब्द विषबाधेत भेटतो. स्टॅफिलोकोकस जंतू उकळल्याने मरतात, परंतु त्यांनी अन्नात आधीच सोडलेले विष थर्मोस्टेबल असते. रात्रभर बाहेर राहिलेली बासुंदी सकाळी उकळली तरी निर्दोष होत नाही ती यामुळे. देयकाचा किंवा हृदयालेखाचा 'थर्मल' कागद मात्र स्वतःच उष्णतेने काळा होतो, त्यावर शाई नसते. तो कालांतराने पुसट होतो, म्हणून त्याची छायाप्रत काढून ठेवावी.

'थर्मोजेनेसिस' म्हणजे शरीरातील उष्णतेची निर्मिती. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात अग्निस्वेदाच्या तेरा प्रकारांनंतर दहा निरग्निस्वेद सांगितले आहेत. त्यांत व्यायाम आहे आणि जड पांघरूणही आहे. व्यायामाने शरीर उष्णता निर्माण करते, पांघरूण ती अडवून धरते. थर्मोजेनेसिस हा शब्द पहिल्यालाच लागू पडतो, दुसऱ्याला नाही. जठराग्नी म्हणजेच थर्मोजेनेसिस असे सरसकट भाषांतर काही लेखांत आढळते, ते आम्हांस मान्य नाही; पचनाचा सारा व्यापार उष्णतेच्या एका मापात बसत नाही.

शेवटी दोन फसवे शब्द. 'थेरपी'चा उष्णतेशी संबंध नाही. तो सेवा-शुश्रूषा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. आणि 'हायपोडर्मिक' सुईत 'थर्म' नसून 'डर्म', म्हणजे त्वचा आहे : त्वचेखाली टोचावयाची ती हायपोडर्मिक.