वादळवारा आणि गच्चीवरचा अँटेना

एप्रिल-मे महिन्यांत बंगळुरूचे आकाश दुपारनंतर अचानक भरून येते. धूळ उडते, झाडे वाकतात आणि घटकाभरात वळवाचा पाऊस कोसळतो. अशा वेळी काही घरांच्या गच्चीवरील एक वस्तू वाऱ्याशी झुंज देत उभी असते. ती म्हणजे हौशी रेडिओचालकाचा अँटेना.

हौशी रेडिओचालकांना 'हॅम' असेही म्हणतात. परीक्षा देऊन ते केंद्र सरकारचा परवाना मिळवतात आणि स्वतःच्या संचावरून दूरदूरच्या लोकांशी बोलतात. बंगळुरूत त्यांचा क्लब आहे, तसेच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हॅम्स ही प्रशिक्षण देणारी संस्थाही आहे. हा छंद संकटकाळी किती मोलाचा ठरतो, हे २६ डिसेंबर २००४ रोजी दिसून आले. त्या दिवशी त्सुनामीने अंदमान-निकोबार बेटांना तडाखा दिला. दूरध्वनी बंद पडले. तेव्हा पोर्ट ब्लेअर येथे असलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओवरून मुख्यभूमीशी संपर्क साधला व अनेकांची खुशाली त्यांच्या आप्तांना कळवली.

परंतु संच कितीही उत्तम असला, तरी अँटेना कोसळला की तो मुका होतो. म्हणून वादळात अँटेना टिकवणे महत्त्वाचे असते.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा जोर चौपट होतो. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात स्थिर असलेल्या खांबावर ताशी ९० किलोमीटरच्या वाऱ्यात नऊपट भार येतो. म्हणून तंबूला असतात तसे तणावे खांबाला निदान तीन दिशांनी, सारख्या अंतरावर बांधावेत. तणावा खांबाच्या बुंध्याजवळ बांधला, तर तो खांबाला नुसता खाली दाबतो, सावरत नाही. म्हणून तो शक्य तितका दूर बांधावा. साधा नायलॉनचा दोर उन्हाने कमकुवत होतो. तो दरवर्षी वळवापूर्वी तपासून बदलावा.

तारेचा अँटेना झाडाला बांधला असेल, तर झाड डोलताना तार ताणली जाऊन तुटते. यासाठी झाडावर कप्पी लावून दोर तिच्यावरून घ्यावा आणि त्याच्या टोकाला वजन टांगावे. झाड हलले की वजन वरखाली होते आणि तारेवरील ताण बेताचा राहतो. खांबाच्या तळाशी बिजागरी असेल, तर वादळापूर्वी खांब आडवा करून ठेवता येतो.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खांब पडलाच, तरी विजेच्या तारांवर पडणार नाही, इतक्या अंतरावर तो उभारावा. तसेच ढग जमू लागताच संचाची केबल काढून घराबाहेर ठेवावी. विजा चमकू लागल्यावर मात्र केबलला हात लावू नये, गच्चीवरही जाऊ नये. मोडलेला अँटेना पुन्हा उभारता येतो. गेलेला जीव परत येत नाही. वाऱ्याला तोंड देण्याची तयारी वारा शांत असतानाच करायची असते.

शब्दार्थ
तणावा – खांब किंवा तंबू ताणून धरणारा दोर
कप्पी – दोर सरकवण्याचे खाचेचे चाक
वळीव – पावसाळ्यापूर्वीचा वादळी पाऊस

पाठगत प्रश्न
१. तणावे खांबापासून दूर का बांधावेत?
२. कप्पी आणि वजन यांमुळे तार कशी वाचते?
३. तुमच्या घरावरील कोणती वस्तू वादळात धोक्याची ठरू शकते? पाच ओळी लिहा.